रफ वही, फेअर वही आणि गिटमधली खाडाखोड

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होती, की गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) झालेले कमिट, म्हणजे त्या बदलांच्या नोंदी, नंतर बदलू द्यावेत का. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा एकच विषय घेतलाय.

प्रश्न: नमस्कार मॅडम. पुण्यात एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काम करतोय, सहा जणांची टीम आहे, गिट वापरतो. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी एका सहकाऱ्याने रिबेस केला (स्वतःचे कमिट उचलून दुसऱ्या पायावर नव्याने लावले) आणि आम्ही दोघं मिळून ज्या ब्रँचवर, म्हणजे कामाच्या शाखेवर, काम करत होतो तिच्यावर फोर्स पुश मारला (सर्व्हरवरचं बाजूला सारून स्वतःचं जबरदस्तीने चढवलं). माझे दोन दिवसांचे सात कमिट सर्व्हरवरून गेले. लॅपटॉपवर होते म्हणून वाचलो. तेव्हापासून ऑफिसात दोन तट पडलेत. आमचे सीनियर म्हणतात की हिस्टरी बदलता येणं हाच टूलचा दोष आहे, ती सोय असायलाच नको. टीम लीड म्हणतो रिबेस नसेल तर हिस्टरीचा उकिरडा होईल. तुमचं काय मत?
(एक डेव्हलपर, पुणे)

उत्तर: तुमचे सात कमिट लॅपटॉपवर शाबूत होते हे वाचून आधी हायसं वाटलं. शुक्रवारी संध्याकाळी असं काही झालं की पोटात कसा गोळा येतो ते मी अनुभवलंय.

आता वादाचं. हिस्टरी बदलता यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, पण फक्त स्वतःची, आणि स्वतःची कुठे संपते आणि सगळ्यांची कुठून सुरू होते हे टूलला कळलं पाहिजे. गिटला ते कळत नाही. तुमच्याकडचा घोळ त्यामुळे झालाय, रिबेसमुळे नाही.

हे नीट समजायचं तर त्या संध्याकाळी आत काय झालं ते बघावं लागेल. गिटमध्ये कमिट कधीच बदलत नाही, ऐकायला विचित्र वाटतं पण खरंय. एका कमिटमध्ये असतं काय, तर त्या क्षणी सगळ्या फाइल्स कशा होत्या त्याचा ठसा, आधीच्या कमिटचा नंबर, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख-वेळ आणि मेसेज, आणि या सगळ्यातून मिळून ४० अक्षरांचा एक हॅश निघतो, तेच त्या कमिटचं नाव. मेसेजमधला एक काना बदललात तरी हॅश वेगळा येतो, म्हणजे तो नवाच कमिट झाला, आणि त्याच्या पुढच्याच्या पोटात आधीच्याचा हॅश असल्यामुळे पुढचे सगळेही नवे होतात. ब्रँच ही तर नुसती चिठ्ठी, शेवटच्या कमिटवर चिकटवलेली. सर्व्हरवरची चिठ्ठी तुमच्या सातव्या कमिटवर होती. सहकाऱ्याच्या मशीनवर तुमचे सात आलेलेच नव्हते, त्याने स्वतःच्या कमिटच्या नव्या कॉप्या केल्या, पुश केलं, सर्व्हरने नॉन-फास्ट-फॉरवर्ड (म्हणजे तुझं काम इथल्याच्या पुढे जोडलेलं नाही) म्हणून परत पाठवलं, मग त्याने फोर्स लावला आणि चिठ्ठी तुमच्या कामावरून निघून त्याच्या कामावर जाऊन बसली.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सर्व्हरचा तो नकार म्हणजे खरं तर 'इथे असं काहीतरी आहे जे तुझ्याकडे नाही' ही धोक्याची सूचना असते. पण रिबेस केल्यावर ती दर वेळीच येते, कारण सर्व्हरवर तुमचेच जुने कमिट पडलेले असतात. दुसऱ्याचे सात नवे कमिट मध्ये आलेत की आपलेच जुने अडवतायत, दोन्हीला मेसेज एकच. रोज रोज तोच मेसेज बघून माणूस तो वाचायचा थांबतो आणि हात आपोआप फोर्सकडे जातो, त्यात त्या सहकाऱ्याला एकट्याला धरून उपयोग नाही.

मग सीनियर म्हणतात तसं बंदच का करू नये? माझ्या आधीच्या एका नोकरीत बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. एका रिलीजनंतर काही बिलांत एका पैशाचा फरक यायला लागला, कुठून येतोय कळेना, म्हणून दोष कुठल्या कमिटमध्ये शिरला ते शोधणारी गिट बायसेक्ट ही कमांड लावली. बायसेक्टमध्ये दर तपासणीला निम्मे कमिट बाद होतात, त्यामुळे हजारभर कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत दोष कुठे शिरला ते सापडायला हवं. आमच्याकडे तेव्हा हिस्टरीला हात लावायचा नाही असा कडक नियम होता, त्यामुळे मधले कमिट 'चालू आहे', 'परत चालू', 'जेवायला चाललो' असे, आणि त्यातले अर्धेअधिक कंपाइलच होत नव्हते, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रामच बनत नव्हता. स्किप, स्किप, परत स्किप. दोन दिवस गेले त्यात.

त्यावर चिडून नियम उलटा केला, प्रत्येक फीचरचे सगळे कमिट स्क्वॉश करून, म्हणजे एकत्र दाबून, एकच कमिट. सहाएक महिन्यांनी राउंडिंगचाच दुसरा प्रश्न आला. यावेळी बायसेक्ट पाच मिनिटांत पोचलं, पण पोचलं ते साडेतीन हजार ओळींच्या एका कमिटवर, मेसेज काय तर 'इन्व्हॉइस मॉड्यूल'. ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावलं तर प्रत्येक ओळीसमोर तेच. ज्या मुलाने ती राउंडिंगची ओळ लिहिली तो तोवर नोकरी सोडून गेला होता, त्याला फोन केला, तर तो म्हणाला 'मेसेजमध्ये लिहिलं होतं ना मी, का केलंय ते'. लिहिलं होतंच त्याने, एका छोट्या कमिटमध्ये, नीट चार ओळी. त्या आम्हीच पुसल्या होत्या. तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

म्हणून मला दोन्ही टोकं पटत नाहीत. आपल्याला शाळेत रफ वही आणि फेअर वही असायची ना, तसं आहे हे. रफ वहीत खोडा, फाडा, पान उलटं लावा, बाई तपासायला मागत नाहीत. पण फेअर वही एकदा बाईंच्या टेबलावर गेली की तिच्यातलं पान गुपचूप बदलायचं नाही. आणि रफमधून फेअरमध्ये उतरवताना सगळं गणित एका ओळीत कोंबायचं नाही, पायऱ्या दाखवायच्या. लीडला हे सांगा की रिबेस हवा, पण सगळं एकात स्क्वॉश करणं म्हणजे पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणं. कमिट नीट लावायचे, कंपाइल होतील असे, आणि प्रत्येकात 'का' लिहायचं.

गिटचा जन्म ज्या कामासाठी झाला तिथेही असंच चालतं. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ते लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहायला घेतलं, तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या टूलचा फुकट वापर बंद झाल्यावर. कर्नलमध्ये पॅचची, म्हणजे छोट्या छोट्या बदलांची, मालिका ईमेलने जाते, लोक चुका काढतात, मग सुधारून दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती पाठवायची, आणि शेवटी आत जाते ती स्वच्छ मालिका. पण त्याच कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये रिबेसवर वेगळं पान आहे आणि त्यात बजावलंय की दुसऱ्यांनी ज्यावर काम उभं केलंय ते हलवू नका.

फरक इतकाच की गिटमध्ये हे माणसाने लक्षात ठेवायचं असतं. गिटच्याच महिन्यात जन्मलेल्या, त्याच्यासारख्याच मर्क्युरियल या टूलने २०१२ मध्ये, २.१ व्हर्जनला, फेजेस आणल्या: सीक्रेट, ड्राफ्ट आणि पब्लिक. तुमच्या मशीनवर आहे तोवर बदल ड्राफ्ट, सगळ्यांच्या सर्व्हरवर पुश केला की आपोआप पब्लिक, आणि पब्लिक झालेल्यावर रिबेस किंवा अमेंड (शेवटचा कमिट सुधारणं) करायला गेलात तर टूलच अडवतं. मला हे फार आवडतं, कारण शुक्रवारी संध्याकाळी दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर यात काही सोडलेलं नाही.

तुमच्या टीमने आता काय करायचं तर मेन ब्रँच आणि दोघातिघांनी मिळून वापरायच्या सगळ्या ब्रँच प्रोटेक्टेड करून टाका, गिटहबवर (गिटचे प्रकल्प ठेवायची वेबसाइट) प्रोटेक्टेड ब्रँचला फोर्स पुश मुळातच बंद असतो. स्वतःचा सर्व्हर असेल तर रिसीव्ह-डिनाय-नॉन-फास्ट-फॉरवर्ड्स हे सेटिंग चालू करा. स्वतःच्या ब्रँचवर सुद्धा साधा फोर्स नको, फोर्स-विथ-लीज वापरा, त्यात 'मी शेवटचं बघितलं तेव्हा चिठ्ठी जिथे होती तिथेच अजून असेल तरच हलव' असा अर्थ असतो. यात एक खाच आहे हं, तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, म्हणजे सर्व्हरवरचं नवं उतरवून घेत असेल, तर गिटला वाटतं तुम्ही नवे कमिट बघितलेत आणि लीज फुकट जाते, त्यासाठी २.३० व्हर्जनपासून फोर्स-इफ-इन्क्लूड्स नावाचा जोड-ऑप्शन आलाय, तोही लावा.

आणि पुन्हा असं झालंच तर घाबरू नका, ज्याच्या मशीनवर ते कमिट होते तिथे गिट रीफ्लॉग बघा. चिठ्ठी कुठून कुठे हलली त्याची नोंद तिथे असते, एरवी ९० दिवस, आणि कुठल्याच ब्रँचवर न उरलेल्या कमिटची ३० दिवस. जुना हॅश शोधा, त्यावर नवी ब्रँच काढा, काम परत. पण सर्व्हरवरच्या बेअर रेपोत (प्रकल्पाची नुसती हिस्टरी ठेवलेला साठा) रीफ्लॉग बाय डिफॉल्ट बंद असतो. म्हणजे प्रत्येकाच्या रफ वहीची नोंद राहते आणि सगळ्यांच्या फेअर वहीची राहत नाही, ही मला गिटमधली सगळ्यात उलटी गोष्ट वाटते. स्वतःचा सर्व्हर असेल तर कोअर-लॉग-ऑल-रेफ-अपडेट्स आजच चालू करा.

असं फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेन्किन्स या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या दीडशेहून जास्त रेपोंवर एका चुकीच्या सेटिंगमुळे जुन्या कॉप्या फोर्स पुश झाल्या होत्या, चांगले जाणते लोक होते ते. परत मिळालं सगळं, पण गिटहबच्या लोकांची मदत घ्यावी लागली.

प्रश्न: मी अकाउंट्समध्ये आहे, प्रोग्रामर नाही, पण मुलगा हे काम करतो म्हणून घरात ऐकतो. आमच्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल सक्तीचा झालाय, प्रत्येक एंट्रीत कधी काय बदल केला त्याचा लॉग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. मग ज्या टूलमध्ये हेच सॉफ्टवेअर लिहितात त्या टूलला हिस्टरी बदलायची मुभा कशी काय?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: काका, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस विचार करत होते, कारण वरच्या उत्तरात मी ज्याला नुसतं स्पर्श केलाय तिथे तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

पहिलं म्हणजे, एंट्री आणि कमिट यांत फरक आहे. व्हाउचर पडलं म्हणजे पैसे खरंच इकडचे तिकडे झालेले असतात, ती घडलेली गोष्ट आहे. प्रोग्रामरने दुपारी तीनला केलेला अर्धवट कमिट म्हणजे अजून काहीच घडलेलं नाही, तो विचार करतोय. तुम्हीही बेरीज आधी कागदाच्या चिठोऱ्यावर करून बघता, त्या चिठोऱ्याचा लॉग कायदा मागत नाही. म्हणून मुलाने स्वतःच्या मशीनवर काय खोडलं त्याचं मला काही वाटत नाही.

पण सगळ्यांसमोर आलेलं बदलायचं असेल, तर तुमचंच म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचा सगळ्यात चांगला नमुना मला सातबाऱ्यात दिसतो. जमिनीचा मालक बदलला की जुनं नाव कोणी खरवडून काढत नाही. त्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा नंबर पडतो, आणि तो नंबर घेऊन गाव नमुना ६ उघडला की कोणी, कधी, कशाच्या आधारावर बदल केला ते सापडतं. नोंद चुकली तर दुरुस्त करता येते, फक्त दुरुस्तीचीही नोंद होते.

व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे गिटच्या जातीच्या टूल्समध्ये, असं करणारं टूल आहे, फॉसिल. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस बनवणाऱ्या रिचर्ड हिपनेच ते बनवलं, आणि एसक्यूलाइटचा स्वतःचा कोड २००९ पासून त्याच्यातच आहे. फॉसिलमध्ये रिबेस नाहीच. मेसेजमध्ये चूक झाली, चुकीच्या ब्रँचवर कमिट पडला, तर सुधारता येतं, पण मूळ कमिट तसाच राहतो आणि सुधारणा ही वेगळी नोंद म्हणून त्याला जोडली जाते, बघताना सुधारलेलं दिसतं आणि मूळही काढून बघता येतं. अगदी फेरफारासारखं. याउलट सबव्हर्जन या जुन्या टूलमध्ये कमिट पक्के, पण मेसेज बदलायला परवानगी दिली, एक हूक (त्या वेळी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) लावून द्यावा लागतो त्यासाठी, तर जुना मेसेज कायमचा जायचा, त्याची नोंद कुठेच नाही. एवढं सगळं जपणाऱ्या टूलमध्ये तेवढीच एक फट का ठेवली असेल असं मला नेहमी वाटत आलंय.

गिटचं तुम्हाला आणखी एक सांगते, तुमच्या कामाचं आहे. गिटमध्ये कमिटवर जी तारीख आणि नाव दिसतं ते लिहिणाऱ्याच्या मशीनने सांगितलेलं असतं, तिथे काहीही घालता येतं. शिवाय दोन तारखा असतात, एक मूळ लिहिल्याची आणि एक कमिट तयार झाल्याची, रिबेस केला की पहिली तशीच राहते आणि दुसरी बदलते, आणि रोजच्या लॉगमध्ये दिसते फक्त पहिली. त्यामुळे 'गिटमध्ये अमुक तारीख आहे' हा पुरावा म्हणून ऑडिटला कोणी दाखवला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, कमिट डिजिटल सहीचे आहेत का विचारा, सर्व्हरवर पुश कधी झाला त्याचा लॉग मागा.

माझ्या मनातलं टूल गिट आणि फॉसिल या दोन्हींच्या मधलं आहे, आणि ते अगदीच हवेतलं नाही. मर्क्युरियलच्या इव्हॉल्व्ह एक्स्टेन्शनमध्ये जुना कमिट बदलला की 'याच्या जागी आता हा' अशी खूण राहते आणि ती खूण पुश-पुलमधून (सर्व्हरवर चढवताना-उतरवताना) सहकाऱ्यांकडेही जाते, म्हणजे ज्याने जुन्यावर काम उभं केलंय त्याला कळतं की खालची वीट हलली आणि नवी कुठे आहे. जुजुत्सु म्हणून नवं टूल आहे, गिटच्याच रेपोवर चालतं, त्यात प्रत्येक कृतीचा लॉग राहतो आणि एका कमांडने मागे जाता येतं, रिबेस करा, फोडा, जोडा, जुनी अवस्था लॉगमध्ये आहेच, आणि मेन ब्रँचवरचे कमिट बाय डिफॉल्ट बदलू देत नाही. मुलाला ते एकदा वापरून बघायला सांगा, त्याला आवडेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मॅडम, मी लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट गिटहबवर पब्लिक ठेवलाय. चुकून एका पेड सर्व्हिसची की (पासवर्डसारखा गुप्त कोड) फाइलमध्ये टाकून कमिट केली. लक्षात आल्यावर ती ओळ काढून परत कमिट केलं. मित्र म्हणतो झालं काम. झालं का खरंच?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: नाही गं, झालं नाही. की आत्ताही आधीच्या कमिटमध्ये जशीच्या तशी आहे, कोणीही तो कमिट उघडून वाचू शकतं. त्यामुळे हे उत्तर पुढे वाचायच्या आधी त्या सर्व्हिसच्या पानावर जा आणि ती की रद्द करून नवी काढ. पब्लिक रेपोंवर अशा किल्ल्या हुडकत बसलेले बॉट असतात, ते फार वेळ लावत नाहीत. आतापर्यंत कोणीतरी उचलली असेल असंच धरून चाल, आणि बिलात काही भलतं दिसतंय का तेही बघ.

वर एवढं सगळं 'सगळ्यांसमोर आलेलं बदलू नका' म्हणून सांगितलं, आणि तुझं प्रकरण त्याचा खरा अपवाद आहे. पासवर्ड, कोणाचा आधार नंबर, कोणाचा रिपोर्ट, असं काही हिस्टरीत गेलं तर ते काढता आलंच पाहिजे, जुनी आवृत्ती जपण्यापेक्षा ज्याची ती माहिती आहे तो माणूस महत्त्वाचा. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात स्वतःची माहिती पुसून मागायचा हक्कही दिलाय. रिबेस न देणाऱ्या फॉसिलमध्येसुद्धा यासाठी शन नावाची सोय ठेवावी लागली, नको ती गोष्ट बहिष्कृत करायची.

की रद्द झाली की खरं तर धोका संपला, उरलेली साफसफाई तुझ्या समाधानासाठी. करायची असेल तर हिस्टरीतून नको ते काढणारं गिट फिल्टर-रेपो वापर, इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत फिल्टर-ब्रँच सांगतात ते नको, गिटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ते टाळा म्हटलंय. आधी रेपोची एक कॉपी बाजूला ठेव. मग साफ झालेलं फोर्स पुश कर. गिटहबवर मात्र जुना कमिट त्याच्या हॅशने काही काळ उघडू शकतो, पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल सामावून घ्या अशी विनंती) किंवा कोणी फोर्क (स्वतःच्या खात्यावर कॉपी) केला असेल तर तिथेही राहतो, तो त्यांच्या सपोर्टला लिहून काढून घ्यावा लागतो, आणि फोर्क तर ज्याचा त्यानेच. नवी की एका वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत, टाक. पण एकदा कमिट झालेल्या फाइलला गिटइग्नोर लागू होत नाही, आधी ती गिटच्या ट्रॅकिंगमधून काढावी लागते, इथे खूप जण फसतात.

आणि मित्राकडे प्रोजेक्टचा जुना क्लोन, म्हणजे उतरवून घेतलेली कॉपी, असेल ना, त्याला आजच फोन कर. त्याने पुल करायचं नाही, जुनं फोल्डर डिलीट करून नव्याने क्लोन करायचं, कारण त्याने पुल करून मर्ज केलं, म्हणजे जुनं-नवं एकत्र केलं, आणि परत पुश केलं की जुने सगळे कमिट त्या कीसकट सर्व्हरवर परत येतील.